विश्लेषण : वर्गात मुले तीस, मोबाइल एकच! प्राथमिक शिक्षकांनी तंत्रज्ञान नेमके कशासाठी वापरावे?

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत आज काही ना काही तांत्रिक साधन आहे. कुठे लोकसहभागातून आलेला टीव्ही, कुठे प्रोजेक्टर, कुठे दोन-चार टॅब आणि काहीच नसेल तर शिक्षकाच्या खिशातला मोबाइल. तरीही तिसरीतले मूल वाचताना अडखळते, हे चित्र कायम आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. साधने आली, पण वाचन मागेच राहिले. मग वर्गातल्या एका मोबाइलचा मुलांच्या शिकण्यासाठी खरोखर उपयोग कसा करून घ्यायचा?

साधने असूनही अडते कुठे?

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषय शिक्षणातील तंत्रज्ञान हाच होता. पेरू देशात दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले, पण शिकवण्याच्या पद्धतीत त्यांना जागा मिळाली नाही आणि मुलांचे शिकणे सुधारले नाही, हे उदाहरण त्या अहवालात आहे. आपल्याकडे याचे छोटे रूप म्हणजे टीव्हीवर कवितेचा व्हिडिओ लावून दिलेला वर्ग. मुले शांत बसतात, वर्ग ‘डिजिटल’ दिसतो, पण त्या अर्ध्या तासात एकाही मुलाने वाचलेले, लिहिलेले किंवा उत्तर दिलेले नसते.

दुसरी अडचण वेळेची. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता असतात. तीस मुलांनी प्रत्येकी एक मिनिट वाचायचे म्हटले तरी अख्खी तासिका संपते. त्यामुळे मोजकी हुशार मुले रोज वाचतात आणि मागच्या रांगेतल्या मुलाचा आवाज आठवडाभर शिक्षकाच्या कानी पडत नाही. तंत्रज्ञानाने सोडवण्याजोगा प्रश्न असेल, तर तो हा आहे. म्हणून कोणतेही साधन वर्गात नेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे वापरताना मूल काय करणार आहे? उत्तर ‘बघणार’ एवढेच असेल, तर ते साधन बाजूला ठेवलेले बरे.

एका मोबाइलवर सगळ्यांचे वाचन कसे ऐकणार?

प्रत्येक फोनमध्ये असलेले आवाज रेकॉर्ड करण्याचे ॲप हे प्राथमिक शिक्षकाचे सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी वापरले जाणारे साधन आहे. रोज पाच मुलांचे एकेक मिनिट वाचन रेकॉर्ड केले, तर सोमवार ते शनिवार तीस मुले पूर्ण होतात. बाकीची मुले लेखनाच्या कामात असताना व्हरांड्यात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात हे करता येते. फाइलला मुलाचा हजेरी क्रमांक आणि तारीख द्यावी. एका मिनिटाच्या आवाजाला साधारण एक एमबी जागा लागते. तेवढ्याच वेळाचा फुल एचडी व्हिडिओ शंभर एमबीच्या पुढे जातो. म्हणून वाचन तपासायला व्हिडिओ काढण्याची गरज नाही.

ऐकताना तीन गोष्टी टिपाव्यात : मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, कोणत्या जोडाक्षरांवर अडखळले आणि वाचून झाल्यावर अर्थ सांगता आला का. ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, तेही समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. हा आकडा शिक्षकाच्या वहीत राहू द्यावा. मुलांमध्ये त्याची शर्यत लागली की मुले भराभर वाचतात आणि अर्थ सुटतो. जूनमधले आणि ऑक्टोबरमधले वाचन मुलाला एकापाठोपाठ ऐकवले, तर आपली प्रगती त्याला स्वतःलाच कळते. पालकसभेत प्रत्येक पालकाला आपल्या मुलापुरते हे ऐकवता येते. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा ते त्याला अधिक समजते.

सरावासाठी गुगलचे ‘रीड अलाँग’ हे ॲप आहे. ते भारतात २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने आले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि अडलेला शब्द वाचून दाखवते. मराठी गोष्टी त्यात आहेत आणि एकदा डाउनलोड केल्यावर त्या नेटशिवायही चालतात. मात्र गजबजलेल्या वर्गात ॲपला नीट ऐकू येत नाही, शिवाय बोलीतला उच्चार ते चूक ठरवू शकते. अहिराणी किंवा मालवणी वळणाने बोलणाऱ्या मुलाला ‘चुकले’ म्हणायचे की नाही, हा निर्णय शिक्षकानेच घ्यावा.

कोणाला समजले, कोणाला नाही, हे लगेच कसे कळेल?

‘समजले का?’ असे विचारल्यावर वर्गातून ‘हो’ असा एकसुरी आवाज येतो. त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी चार पर्यायांचा एक नेमका प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, ५२ वजा २८. पर्याय २४, ३४, ३६ आणि ८०. बरोबर उत्तर २४. ज्याने ३४ निवडले त्याने दशक सुटे केले, पण दशकांच्या घरातून एक कमी करायला तो विसरला. ३६ म्हणणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. ८० म्हणणाऱ्याने बेरीज केली. म्हणजे चुकीचे उत्तरच पुढे काय शिकवायचे ते सांगते.

हे प्रश्न घेण्यासाठी ‘प्लिकर्स’ नावाचे साधन आहे. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेले एक वेगळे कार्ड मिळते. कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून त्याचे उत्तर ठरते. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी कोणते उत्तर दिले ते पडद्यावर दिसते. मुलांना फोन लागत नाही. शेजाऱ्याचे उत्तर चटकन ओळखताही येत नाही, त्यामुळे नक्कल कमी होते. कार्डे जाड कागदावर छापावीत. चकचकीत लॅमिनेशन केले, तर प्रकाश परावर्तित होऊन कॅमेऱ्याला कार्ड वाचणे अवघड जाते.

एवढेही नको असेल, तर पाटी आहेच. ‘तीन म्हटले की पाट्या वर’ असे सांगून एक फोटो काढावा, मधल्या सुट्टीत तो मोठा करून पाहावा आणि नोंद झाली की पुसून टाकावा. शिक्षणातले हे सर्वात स्वस्त तंत्रज्ञान आहे.

व्हिडिओ दाखवूच नयेत का?

जरूर दाखवावेत, पण छोटे आणि थांबत थांबत. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या मंचाशी जोडलेले आहेत. हा राष्ट्रीय मंच २०१७ मध्ये सुरू झाला. क्यूआर कोड आणि पाठ्यपुस्तकाची सांगड घालण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांना याच कामासाठी २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. मात्र कोड स्कॅन केल्यावर उघडणारा प्रत्येक व्हिडिओ आपल्या वर्गाला जुळेलच असे नाही. शिक्षकाने तो आधी पूर्ण पाहिलेला असावा.

पाच-सात मिनिटांच्या व्हिडिओत किमान दोन थांबे ठरवावेत. बी रुजताना दाखवले की थांबवून विचारावे, ‘आता आधी काय बाहेर येईल, मूळ की पान?’ मुलांनी अंदाज वहीत लिहावा, मग पुढचा भाग पाहावा. भाषेच्या तासाला हाच व्हिडिओ दुसऱ्यांदा आवाज बंद करून लावावा आणि निवेदन मुलांनी करावे. यात बुजरी मुलेही बोलती होतात.

टीव्हीचा आणखी एक चांगला उपयोग आहे. दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर पट्टी आडवी ठेवून त्यावर फोन पालथा ठेवला आणि तो टीव्हीला जोडला, की खाली ठेवलेली मुलाची वही सगळ्यांना दिसते. चार वेगवेगळ्या पद्धतींनी सोडवलेले एकच गणित असे शेजारी-शेजारी ठेवून त्यावर चर्चा घेता येते. त्यासाठी मुलाची परवानगी विचारावी आणि चुकलेल्या वहीवरचे नाव झाकावे.

पहिली-दुसरीसाठी मोबाइलवरचा मजकूर चालतो का?

येथे एक बारीक, पण महत्त्वाची गोष्ट आहे. अनेक फोन आणि संगणकांवर देवनागरीतील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाने दिसतात. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावा, असे राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. अक्षरओळख करून घेणाऱ्या मुलाला पुस्तकात एक वळण आणि पडद्यावर दुसरे दिसले, तर तो गोंधळतो. फोनची भाषा मराठी केल्यावर काही फोनवर हा फरक दूर होतो. तो न झाल्यास पहिलीच्या कार्यपत्रिकेत ही दोन अक्षरे हाताने लिहिलेली बरी. कार्यपत्रिका नेहमी युनिकोडमध्ये टाइप करावी. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली, की मजकुराच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात.

नेट नसेल, वीज गेली तर?

वर्गात नेट नाही असे गृहीत धरूनच तयारी करावी. ‘दीक्षा’वरील बरेच साहित्य घरून डाउनलोड करून ठेवता येते. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली मिळतात. त्या छापून वर्गाच्या वाचनकोपऱ्यात लावल्या, तर विजेचाही प्रश्न उरत नाही. टीव्हीसाठी वायरलेस जोडणीपेक्षा पेनड्राइव्ह भरवशाचा.

वर्गात जाताना फोन विमान मोडवर टाकावा. अन्यथा ऐन तासात पोषण आहाराच्या माहितीसाठी किंवा केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर ‘तातडीने कळवा’ असा संदेश येतो आणि लक्ष तिकडे जाते. फोन मुलाच्या हाती देताना ॲप पिन करण्याची सोय वापरावी, म्हणजे मूल त्या ॲपमधून सहज बाहेर जाऊ शकत नाही.

एआयची मदत घ्यावी का?

शिक्षकाने तयारीसाठी घ्यावी. ‘जोडाक्षरे नसलेला, आठवडी बाजारावरचा साठ शब्दांचा उतारा’ किंवा ‘हातच्याच्या वजाबाकीची दहा शाब्दिक उदाहरणे’ अशी नेमकी मागणी केली, तर अर्ध्या तासाचे काम काही मिनिटांत होते. पण मिळालेला मजकूर शब्दन् शब्द तपासावा लागतो. ‘जोडाक्षरे नकोत’ म्हटले तरी ती येतात, वाक्यरचना हिंदी वळणाची होते आणि गणिताचे उत्तरही चुकू शकते. मुलांची नावे, गुण किंवा घरची परिस्थिती अशा साधनांत कधीही टाकू नये.

मुलांच्या फोटोंचे काय?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व त्यात आहे. कायद्याची कलमे बाजूला ठेवली, तरी साधा नियम असा : अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ व्हॉट्सॲप गटात किंवा यूट्यूबवर टाकू नये. आज कौतुकाने टाकलेला व्हिडिओ उद्या त्याच मुलाच्या चेष्टेचा विषय होऊ शकतो. शैक्षणिक नोंदी शिक्षकाकडे राहाव्यात आणि वर्ष संपल्यावर पुसल्या जाव्यात. वर्षाच्या सुरुवातीलाच शालेय व्यवस्थापन समितीत हे ठरवून पालकांची लेखी संमती घ्यावी.

पडद्यासमोर किती वेळ?

केंद्राने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रे सुचवली होती. ती मर्यादा शाळा बंद असतानाची होती. शिक्षक समोर असताना एवढ्याचीही गरज नाही. एका तासिकेत दहा मिनिटे पडदा आणि उरलेला वेळ वही, पाटी, मणी-काड्या आणि बोलणे, हे प्रमाण प्राथमिक वर्गाला पुरते.

सुरुवात कुठून करावी?

सगळे एकदम सुरू केले, तर पंधरा दिवसांत सगळेच बंद पडते. पहिला महिना फक्त वाचनाचे रेकॉर्डिंग करावे. ते अंगवळणी पडले की आठवड्यातून दोनदा चार पर्यायांचा प्रश्न घ्यावा. महिनाअखेरीस हजेरीपत्रक समोर ठेवून पाहावे, की या महिन्यात कोणत्या मुलाचे वाचन एकदाही ऐकले गेले नाही. त्या यादीत एकही नाव उरले नाही, तर खिशातल्या त्या एका मोबाइलने आपले काम केले.