कात्रीचेही पूजन व्हावे

अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या नवरात्रात खंडेनवमीला बीड जिल्ह्यातील भाविक घरांत शस्त्रांसमवेत अवजारेही पूजिली जातात. त्या पंक्तीत शिलाईयंत्र व कात्री यांनाही मानाचे स्थान असावे. त्याही अन्नदात्याच आहेत.

विद्यालयात न शिकता वस्त्ररचनेचा स्वतंत्र व्यवसाय कन्येस साधेल काय, असा प्रश्न अनेक मातांस पडतो. कोल्हापूरच्या राजोपाध्ये कुळात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथय्या शिकल्या ती चित्रकला. स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी त्या वेशभूषेची चित्रे काढीत. पुढे एका संपादिकेने वस्त्रदालन उघडले व त्यांना प्रत्यक्ष कपडेच करून पाहण्यास सुचविले. तेथून त्या चित्रपटांकडे वळल्या आणि १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

पदवी नव्हती, नजर होती, हात होता. आपल्या कन्येनेही घरच्या परकर-पोलक्यापासून आरंभ करावा. नव्या कापडास कात्री लावण्यापूर्वी जुन्यावर बेतून पाहावे, मापे वहीत टिपावीत आणि मजुरी आधीच ठरवावी. शेजारधर्म म्हणून सदैव फुकट शिवल्यास विद्येचा मान राहत नाही.

नवमीला कात्रीस हळदकुंकू वाहावे आणि दशमीला पहिले गिऱ्हाईक घ्यावे. तिचे सीमोल्लंघन तेच!