शिट्टी पुन्हा हाती घेताना

शाळेतल्या मुलांना धावायला शिकवण्यात शिकवायचे असते तरी काय, असे तुमच्या मनात येईल. मूल चालू लागले की आपोआप धावू लागते. त्याला गुरू कशाला हवा? एके काळी मलाही तसेच वाटे. माझा व्यवसाय कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्याचा. परंतु विद्यार्थिदशेत मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावत असे. त्या ओढीने आमच्या गावच्या हायस्कुलातल्या मुलामुलींना क्रॉस-कंट्रीसाठी तयार करण्याचे काम मी सात वर्षे केले. पुढे बदली झाली आणि पाच वर्षे शिट्टीला हात लागला नाही. परत आलो, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, “काय सर, येताय ना पुन्हा माळावर?” मी हो म्हटले. त्यानंतर जे शिकलो ते तुम्हांला सांगायचे आहे.

हा खेळ मुळात शाळकरी पोरांचाच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या शाळांत दोन-तीन मुले ‘ससे’ होऊन कागदाचे कपटे टाकीत रानातून पळत आणि बाकीची ‘शिकारी कुत्री’ होऊन त्यांचा माग काढीत. त्यातून ही शर्यत निघाली. आखलेला पट्टा नाही. माळ, चढउतार, ओढा, चिखल, जे वाटेत येईल ते ओलांडायचे. आणखी एक गंमत अशी की, शर्यत धावायची एकेकट्याने, पण जिंकायची संघाने. संघातल्या ठरावीक मुलांचे क्रमांक मिळवतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ पहिला. म्हणजे पहिल्या आलेल्या एका मुलाने भागत नाही. चौथा-पाचवा मागे पडला की बेरीज फुगलीच! म्हणून शिक्षकाचे खरे काम हुशार पोराला पळवणे हे नसून, कच्च्या पोराला धडधाकट ठेवणे हे आहे.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही परत आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुनी वही उघडली. वहीच्या शेवटच्या पानांवर माझ्या सर्वांत चांगल्या संघाचा सराव लिहिलेला होता: आठवड्याला ४० किलोमीटर, त्यांत दोन दिवस चढावरची जोरकस धाव. त्यात थोडी काटछाट करून तोच सराव मी नव्या मुलांना दिला. चूक इथेच झाली. आठवणीची खोड अशी की, ती पिकलेले फळ तेवढे जपून ठेवते. त्या संघाचा अखेरचा महिना मला लख्ख आठवत होता; पण पहिल्या महिन्यात तीच मुले दोन किलोमीटरांवर धापा टाकीत बसत, हे मी साफ विसरलो होतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुले सुरेख धावू लागली. मी खूश झालो. त्याच सुमारास नववीतली एक मुलगी किंचित लंगडताना दिसली. विचारले, तर म्हणाली, “काही नाही सर, थोडं आखडलंय.” मला ते ऐकायला सोयीचे होते, म्हणून मीही ते मानले. आठ दिवसांनी तिची आई माळावर आली. म्हणाली, “सर, पोर रात्री नडगी धरून बसते. तुम्हांला सांगू नको म्हणते. संघातनं काढतील म्हणून भिते.” डॉक्टरांनी तपासले. नडगीच्या हाडाला केसाएवढी बारीक चीर गेली होती. तिचे त्या वर्षीचे धावणे तिथेच संपले.

असे का व्हावे? दम तर वाढला होता! त्याचे उत्तर असे आहे. सराव सुरू केला की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. म्हणून मुलाला आणि शिक्षकालाही वाटते की, आता कितीही पळावे. हाडांचे तसे नाही. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग कोरून काढते आणि मग तिथे नवा, बळकट भाग भरते. कोरण्याचे काम काही आठवड्यांत होते. भरायला काही महिने लागतात. घराची भिंत दुरुस्तीला काढली की मध्यंतरी ती मूळच्यापेक्षाही कमकुवत असते, त्यातलाच हा प्रकार. नेमक्या त्याच दिवसांत दम वाढलेला असतो, आणि आपण त्या उघड्या भिंतीवर आणखी ओझे चढवतो. सुरुवातीला अशी चीर एक्स-रेमध्येही पुष्कळदा दिसत नाही. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. पोटरी सरसकट दुखत असेल, तर बहुधा ते स्नायूंचे आखडणे असते. हाडावर एका ठिकाणी बोट दाबताच कळ आली, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आता मी काय करतो ते सांगतो. पहिले दोन आठवडे मी फक्त पाहतो. कोण शाळेला दोन मैल चालत येते, कोण सायकलवर येते, कोण उपाशीपोटी येते, हे विचारून घेतो. पहिल्या महिन्यांत धाव हळू. किती हळू? धावता धावता सतराचा पाढा म्हणता आला पाहिजे. अडखळला की वेग कमी करायचा! अंतर थोडेथोडे वाढवतो, आणि दर तीन आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी करतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुखते असे सांगणारे मूल संघातून निघत नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकतो.

बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे तुम्हांला माहीत असतील. लहानपणी गावात वाहनाची सोय नव्हती, म्हणून ते शाळेला रोज पायी नाहीतर पळत जात. स्पर्धेच्या धावण्याकडे ते सैन्यात गेल्यावर वळले आणि २०१५ साली क्रॉस-कंट्रीत उतरले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली त्याच शर्यतीचे सुवर्णपदक घेतले. 

तुमच्यापैकी कुणी निवृत्त शिक्षक असतील, सैन्यातून परतलेले असतील, एके काळी मुलांना पळवलेले असेल. पुन्हा जावेसे वाटले तर अवश्य जा. माळावर माणसांची उणीवच आहे. मात्र जुनी वही आणायचीच असेल, तर ती पहिल्या पानापासून वाचा.

ती मुलगी दुसऱ्या महिन्यापासून माळावर येऊ लागली. ती पळत नसे. माझे घड्याळ घेऊन इतरांच्या वेळा टिपीत असे. यंदा ती पुन्हा धावते आहे. परवा तिने आपण होऊन सांगितले, “सर, आज पाय जड वाटतोय.” मी तिला घरी पाठवले. गुरू म्हणून मला अलीकडे मिळालेली ही सर्वांत मोठी पावती आहे.