शेअर फोल्डर मध्येच का सापडेनासा होतो?

कार्यालयातला संगणक : भाग ६

धानाचा हंगाम लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या राइस मिलच्या ऑफिसांना उसंत नसते. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवरून उचललेले धान, भरडाईनंतर जमा करायचा तांदूळ, बारदाना, ट्रकभाडे; सारा हिशेब एका संगणकावरच्या शेअर फोल्डरमध्ये असतो आणि तीन-चार टेबलांवरून उघडला जातो. हाच फोल्डर सकाळी सुरळीत चालतो, दुपारी ‘नेटवर्क पाथ सापडत नाही’ असे सांगतो आणि कोणी हात न लावता पुन्हा सुरू होतो. तो कायमचा बंद पडला असता तर दुरुस्ती सोपी होती.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी सगळेच बंद करून सुरू केले जाते. काम चालू होते, पण बिघाडाचा मागही पुसला जातो. त्यामुळे आधी वहीत वेळ लिहावी आणि कोणकोणत्या टेबलांवर काम अडले तेही टिपावे. चार-सहा नोंदींतूनच बरेच कळते.

जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांचेच अडत असेल, तर फोल्डर असलेला संगणक ‘स्लीप’मध्ये जात असावा. लहान ऑफिसात वेगळा सर्व्हर नसतो, साध्या संगणकावरच ते काम भागवले जाते. त्याची स्लीप बंद करावी. नेटवर्क कार्डाला वीज वाचवण्यासाठी बंद होण्याची मुभा दिलेली असेल, तर तीही काढावी. ड्राइव्हवरच्या लाल फुलीने मात्र घाबरू नये. पंधरा मिनिटे वापर नसला की विंडोज जोडणी सोडून देते. दोनदा क्लिक केल्यावर फोल्डर उघडला तर तो बिघाड नव्हे.

वीज जाऊन आल्यावरच त्रास होत असेल तर संशय पत्त्यावर घ्यावा. राउटर प्रत्येक संगणकाला क्रमांक देतो आणि तो बदलू शकतो. काल १९२.१६८.१.५ असलेला संगणक आज १९२.१६८.१.८ झाला, की जुन्या क्रमांकाने जोडलेला ड्राइव्ह हरवतो. राउटरमध्ये तो क्रमांक त्या संगणकासाठी राखून ठेवला की प्रश्न मिटतो. नावाने फोल्डर उघडत नाही, पण चालू क्रमांकाने उघडतो, असे दिसले तर गडबड नाव ओळखण्यात आहे.

एकाच टेबलाचे अडत असेल तर केबल पाहावी. धर्मकाट्यापासून ऑफिसपर्यंत ओढलेली केबल मोटारींच्या वायरींना लागून गेलेली असते, टोकाच्या जॅकमध्ये कोंड्याची धूळ बसते आणि अंतर शंभर मीटरची मर्यादा ओलांडते. फोल्डरच्या संगणकाला ‘पिंग’ करण्याच्या आज्ञेला ‘-टी’ जोडून ती तासभर चालू ठेवली, की जोडणी नेमकी कधी तुटते ते पडद्यावर दिसते.

एक उपाय मात्र ठामपणे नाकारावा. काही कारागीर एसएमबी १ ही फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत पुन्हा चालू करून देतात. तिच्यातल्याच त्रुटीतून मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. जुन्या एक्सपी संगणकाशी जोडणी होतच नसेल तेव्हा ही पद्धत आठवते, पण मधूनमधून तुटणाऱ्या जोडणीवर तो इलाज नव्हे. त्यातून धोका तेवढा वाढतो.

टॅलीत नोंद होत असताना जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो. म्हणून हिशेबाचे संगणक वायफायवर ठेवू नका, केबलनेच जोडा. बॅकअप कसा आणि कुठे ठेवावा, ते पुढच्या आठवड्यात.