चीअरलीडिंगमधली खांद्यापर्यंतची उचल

आयपीएलमुळे चीअरलीडर म्हणजे सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली, एवढंच आपल्याकडे ठाऊक झालं. अमेरिकेत मात्र हा अंगमेहनतीचा सांघिक खेळ आहे. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांकडून घोषणा देववल्या, तिथून तो सुरू झाला असं मानतात.

यातली पायाभूत कसरत चौघांची. दोन ‘बेस’ समोरासमोर, पाय खांद्याइतके फाकवून, गुडघ्यांत वाकून उभे राहतात. ‘फ्लायर’ त्यांच्या खांद्यांवर हात टेकून त्यांच्या ओंजळीत पाऊल ठेवते. मागचा ‘बॅक स्पॉट’ आधी तिची कंबर आणि मग घोटे धरतो. बहुधा मोजणीही तोच करतो. ठरल्या आकड्याला बेस एकदम उठतात. जोर मांड्यांचा लावायचा, कंबरेचा नव्हे; पाठ ताठच हवी. फ्लायरची पावलं त्यांच्या खांद्यांच्या उंचीला स्थिरावतात.

वर गेलेली फ्लायर नुसती उभी नसते. ती पाय, पोट, नितंब घट्ट आवळते आणि नजर समोर ठेवते. अंग सैल सोडलं की तिला तोलणं खालच्यांना फार जड जातं. तिचं कौतुक होतंच, पण माझ्या मते खरी कसोटी बॅक स्पॉटची: त्याची नजर क्षणभरही तिच्यावरून हटता कामा नये.

उतरताना बेस तिला हलकेच वर उडवून पाठीखाली व मांड्यांखाली हात घालून झेलतात, बॅक स्पॉट काखेत आधार देतो. हे झेलणं कमी उंचीवर, मॅटवर, प्रशिक्षकासमोर पक्कं झाल्याशिवाय हात डोक्यावर ताठ करून उचलण्याची पुढची पायरी घ्यायचीच नाही.