गोळी कमी होते, पण आपल्या मनानं नाही!

आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आमच्या घरी मात्र दोन्हीकडे बायकाच. मी दिली, धाकट्या बहिणीनं घेतली. क्रिएटिनिन झटकन खाली आलं, सगळे खूश. पण दोन-तीन महिन्यांत तिचा चेहरा पुरीसारखा फुगला, हनुवटीवर लव आली, साखर वाढली. वर लोक म्हणायचे, "तब्येत सुधारली हो!"

हा प्रताप प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा. नवी किडनी शरीराला परकी वाटते आणि ते तिच्यावर हल्ला करतं. तो थोपवायला बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड अशी तीन औषधं देतात. १९६० च्या दशकापासून स्टेरॉइडनं कितीतरी किडन्या वाचवल्या. पण मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, ठिसूळ हाडं ही त्याची किंमत.

एक दिवस बहीण म्हणाली, "उद्यापासून ही गोळी बंद!" मी म्हटलं, "अगं, ती किडनी माझीपण आहे!" आणि तिला तडक डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. ही गोळी बरेच दिवस घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. एकदम थांबवली तर ते धोक्याचं, शिवाय किडनी नाकारली जाण्याची भीती. मग रक्त तपासत तपासत त्यांनी वीस मिलिग्रॅमवरून पाचवर आणलं. चेहरा हळूहळू उतरला.

पूर्ण बंद करता येतं का? काहींना येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या अभ्यासात कमी धोक्याचे ६१५ रुग्ण होते. ज्यांचं स्टेरॉइड आठवडाभरात थांबवलं, त्यांच्यात वर्षभरात रिजेक्शन वाढलं नाही आणि नवा मधुमेह शंभरात ३९ ऐवजी साधारण २४ जणांनाच झाला. अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात मात्र पाच वर्षांत सौम्य रिजेक्शन थोडं जास्त दिसलं, तरी किडनी टिकण्यात फरक पडला नाही. म्हणजे सगळ्यांना एकच माप नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात असा पेशंट असेल तर डॉक्टरांना बिनधास्त विचारा, "डोस कमी होईल का? हाडांची, साखरेची, डोळ्यांची तपासणी कधी करायची?" विचारायला लाजू नका. आणि उत्तर मिळेपर्यंत एकही गोळी चुकवू नका.