जुन्या प्लेटा, जुनी निसर्गचित्रं : गोलात न मावलेला कॉन्स्टेबल

या वेळी प्लेटांच्या बाजारभावांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सांगलीच्या एका वाचक बाईंनी माझ्या आवडीचा विषय काढला आहे. त्यांच्याकडे चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ हे निसर्गचित्र असलेली शोभेची गोल प्लेट आहे. मागचा शिक्का त्यांनी तपासला, सोनेरी कड शाबूत आहे, तडा नाही. शंका एकच : पुस्तकातल्या चित्रात पाण्याच्या काठाशी कुत्रा आहे, प्लेटीवर नाही. मग प्लेट नकली समजायची का?

नकली नाही. कुत्रा छाटला गेला.

मूळ चित्र 1821 सालचं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची 130 सेंटीमीटर, रुंदी 185. म्हणजे चांगलं आडवं. त्यातून पूर्ण उंचीचा गोल कापून बघा. जवळजवळ 45 टक्के चित्र बाहेर राहतं! गोल मधोमध धरला तर डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याच्या घराचा काही भाग जातो आणि उजवीकडे लांब कुरणात गवत कापणारी माणसं जातात. ती माणसं हवीत म्हणून गोल उजवीकडे सरकवला, की घर तर जातंच, खालच्या वळणावर कुत्राही जातो. बाईंच्या प्लेटीचं हेच झालं असणार.

मला या कुत्र्याचं विशेष वाटतं. कॉन्स्टेबलनं आधी याच आकाराचं कच्चं चित्र केलं होतं. त्यात काठावर घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात तो उरला नाही. कुत्रा मात्र चित्रकारानं राखला, आणि पुढे प्लेट बनवणाऱ्यानं उडवला.

काही कारखाने छाटण्याऐवजी चित्र नव्यानं मांडून घेतात : घर आत ओढायचं, पाण्यातली घोडागाडी जवळ आणायची, आभाळ वाढवायचं. अशा प्लेटीवर सगळं दिसतं, पण चित्रातली स्टूर नदी ओढ्याएवढी होते. माझं मत विचाराल तर छाटलेली प्लेट बरी. निदान जे उरलं आहे ते कॉन्स्टेबलचं आहे. लांबट अंडाकृती प्लेट मिळाली तर दोन्हींपेक्षा उत्तम.

तेव्हा प्लेट हातात आली की आधी मूळ चित्राचा चांगला फोटो शेजारी ठेवा. मग भिंग घेऊन गाडीच्या घोड्यांच्या गळ्यातले लाल पट्टे पाहा. लालऐवजी गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते चाररंगी छपाईचं डेकल, म्हणजे छापील चित्राचा पापुद्रा, झिलईवर चिकटवून भट्टीत भाजलेलं. मर्यादित आवृत्तीच्या बहुतेक प्लेटा अशाच असतात. ‘हातानं रंगवलेली’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल, तर हे ठिपके त्यालाही दाखवा.

लंडनच्या प्रदर्शनात या चित्राला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. 1824 मध्ये पॅरिसमध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं. आता ते बिस्किटांच्या डब्यांवरसुद्धा असतं, म्हणून केवळ चित्र प्रसिद्ध आहे एवढ्यावर प्लेटीची किंमत वाढत नाही. बाईंनी ती भिंतीवर खुशाल ठेवावी, विकायची घाई करू नये. फार काही हाती लागणार नाही.

फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती : टांगायची तार काढून मगच फोटो घ्या. कडेचे टवके बहुधा तिच्या आकड्यांखालीच लपलेले असतात.