बदली घर

दिवाळीनंतर मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर पाहणीला गेलं की यादीतल्या कितीतरी घरांना कुलूप दिसतं. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली. परतणार ती पावसाच्या तोंडावर. पोषण योजनेचं मूल्यमापन करणाऱ्या पथकाकडे यावर सोपा तोडगा असतो: बदली घर. शेजारी जा, फॉर्म भरा, नमुना पुरा करा. पण भट्टीवर गेलेलं घर बहुधा पाड्यातलं सगळ्यात ओढगस्तीचं. ते गळलं की योजना आपसूक जरा जास्त यशस्वी दिसते, आणि खोटं कुणीच बोललेलं नसतं. किती घरं बदलली हे अहवालात पहिल्या पानांवर हवं. असतं परिशिष्टात, असलंच तर.

उघड्या घरात पेच वेगळा. वाट दाखवायला आलेल्या अंगणवाडी सेविकाताई दारातच उभ्या. त्यांच्यादेखत ‘अंगणवाडीचा आहार वेळेवर मिळतो का?’ विचारलं, तर बाळाची आई दुसरं काय सांगणार? पथकातली मुलगी हुशार. “ताई, सरांना तेवढं रजिस्टर दाखवता का?” ताईंच्या लक्षात आलं, हसत निघाल्या. मग आईने विचारलं, “हे भरून काय मिळंल?” “काहीच नाही. आणि नाही सांगितलंत तरी आहार बंद होणार नाही.” हे झाल्यावरच संमतीचा अंगठा.

मग दंडघेर. बाळाचा डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी. ना सैल, ना आवळून. पट्टी लाल रंगावर थांबली, म्हणजे ११.५ सेंमीच्या आत: तीव्र कुपोषण. आणि हा पाडा तुलनेसाठी निवडलेला, जिथे अंगणवाडीचा आहार आहे, पण मूल्यमापन चाललेली योजना पोचलेलीच नाही. इथे मदत केली तर तुलना बिघडते, असं म्हणणारे भेटतात.

ते गडचिरोलीचा दाखला देतात. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तुलनेच्या ४७ गावांतले मृत्यूही मोजले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूदरात सुमारे ६२ टक्के घट. पण गावातल्या बायकांना हे काम जमेल का, हे तेव्हा सिद्ध व्हायचं होतं. तीव्र कुपोषणावर काय करायचं ते आज ठाऊक आहे. मग थांबायचं कशासाठी?

मुलीने आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी लिहिली, ताईंना परत बोलावून हातात दिली आणि फॉर्मच्या शेऱ्यात नोंदवलं: ‘उपचारांसाठी पाठवले’. हा शेरा असला की विश्लेषण करणाऱ्याला या बाळाची पुढची वजनं वेगळी काढता येतात. एवढ्याने तुलना मोडत नाही.